कॅमेऱ्याचा आवाज बंद होता

ही गोष्ट मी अजून कुणाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. मार्कंड्याच्या जत्रेत हात जोडते तेव्हाही एवढा भाग वगळूनच बोलते — जणू काही देवाला माहीतच नसेल. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून बरं. ओळखीच्या माणसाचं तोंड पाहिलं की मला खोटंच सुचतं.

मी नाटकात काम करते. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकात — दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि वडशाच्या नाटक कंपन्या गाडीत बसून निघतात. आज हे गाव, उद्या ते. आज एक नाटक, उद्या दुसरंच. इतकी नाटकं कोण पाठ करणार? आमच्याकडे कुणी करतही नाही. स्टेजपुढच्या खड्ड्यात, वाजवणाऱ्यांच्या शेजारी प्रॉम्प्टर बसतो. तो आधी वाक्य वाचतो, आम्ही ते कानानं उचलतो आणि लोकांसमोर फेकतो. हसायचं कधी, रडायचं कधी, सगळं त्या खड्ड्यातून येतं. कान गेला की आमच्या धंद्यातला माणूस संपला.

मालनबाईचे कान गेले होते.

मालनबाई म्हणजे आमच्या कंपनीची हिरोईन. आरमोरीची. वय झालेलं, पण रंग लावून उभी राहिली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आपलं वय विसरायला होई. मला या धंद्यात तिनंच आणलं. साडी नेसायला शिकवलं, माइकपासून किती लांब उभं राहायचं ते शिकवलं, माझ्या वाटणीची भाकर निराळी झाकून ठेवली. मग मी तिचा राग का करत होते? सांगते. पोस्टरवर तिचा फोटो ताटाएवढा आणि माझा बिंदीएवढा. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं — मिळालं नाही.

एकदा तालमीत सगळ्यांपुढे ती मला म्हणाली, "पोरी, तू रडतं तवा लोक पाणी प्याले उठते." सगळे हसले. मीही हसले. ती खरंच बोलली होती आणि मायेनं बोलली होती, हे तेव्हाही कळत होतं. पण ते मी मनात धरून ठेवलं.

आता फोनचं. मला एक घाणेरडी सवय होती — लपून फोटो काढायची. डोक्यावर मुकुट आणि अंगात फाटकी बनियन घातलेला आमचा राजा, तोंड उघडं टाकून झोपलेली नाचणारी पोर, अंड्यासाठी भांडणारा विनोदी नट. नंतर एकटीच बसून बघायचे आणि हसायचे. एकदा फोटो काढताना फोन कचकन वाजला आणि त्या नटानं तो हिसकावून घेतला. तेव्हा मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि शटरचा आवाज बंद करून टाकला. इतकं सोपं होतं! कंपनीत जुनी माणसं होती, त्यांना वाटायचं फोटो काढला की फोन वाजणारच. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून माझा खेळ कशाला मोडू?

त्या वर्षी आम्ही सिंदेवाहीकडच्या एका गावात होतो. गावकऱ्यांनी एक घर उतरायला दिलं होतं. दुपारचं जेवण झालं, माणसं कुठे कुठे लवंडली. मी बाहेर, मागच्या खिडकीशी केस वाळवत उभी होते. आत मालनबाई एकटी. तिनं केस बाजूला केले, कानामागून एक बारीकसं मशीन काढलं आणि तळहातावर धरून त्यातला सेल बदलायला लागली. चष्मा नाकावर, तोंडात पदराचं टोक — ती हिरोईन नव्हतीच, कुणाची तरी आजी होती.

मला आधीच संशय होता. मागून हाक मारली की ती वळायची नाही. स्टेजवर तिचं तोंड कायम खड्ड्याकडे. आता सगळं लख्ख कळलं. स्टेजवर भोंग्यांच्या गोंगाटात मशीन शिट्टी मारत असणार, म्हणून ती ते काढून ठेवत होती आणि देवाजीभाऊच्या ओठांवरून वाक्यं उचलत होती.

देवाजीभाऊ आमचा प्रॉम्प्टर. तो त्या वेळी खोलीच्या दारात पायरीवर बसला होता, आत कुणी येऊ नये म्हणून. सेलही त्यानंच आणून दिले होते. हे गुपित त्या दोघांचंच. त्यांच्यात तसलं काही नव्हतं हो — त्याची बायको गेलेली, हिचा नवरा कधीचा सोडून गेलेला, आणि इतकी वर्षं एकानं वाक्य द्यायचं, दुसरीनं घ्यायचं. बाईसाठी तो ओठ मोठे मोठे करून वाचायचा. लोक त्याला हसायचे, म्हणायचे देवाजी बकरीवानी चावून राह्यला.

मी फोन उचलला. चेहरा, उघडा कान, तळहातावरचं मशीन — सगळं नीट येईपर्यंत थांबले. आणि फोटो काढला. एक नाही, पाच-सहा. बाईला तर फोन कितीही वाजला तरी ऐकू आलं नसतं! बहिरीसाठी मी आवाज बंद करून ठेवला होता, या विचारानं मला तिथंच हसू फुटलं. पण देवाजीभाऊचे कान शाबूत होते. त्याला मात्र कळलं नाही.

भावाचं एक जुनं सिम घरी पडून होतं. त्यावरून त्यातला एक फोटो मी नाटकं ठरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — "बहिरी हिरोईन पाहिजे का कोणाला?" मी ते दोनदा वाचलं आणि शेवटी हसणारं तोंड जोडलं.

मंडळांचे फोन सुरू झाले. पहिल्यांदा मालक सगळ्यांवर खेकसला, मग त्यानं बाईचा हिशोब केला आणि मला बोलावून घेतलं. पुढच्या पोस्टरवर माझा फोटो ताटाएवढा होता. सुख झालं का? झालं. खोटं का बोलू? पहिल्या दिवशी मी ते पोस्टर भिंतीवर चिकटवताना स्वतः खळ लावली.

इथपर्यंतही एक वेळ चाललं असतं. नाटकाच्या धंद्यात एकमेकींचे पाय सगळ्याच ओढतात. खरी गोष्ट यापुढे आहे.

बाई आपलं बोचकं बांधत होती. मी मदतीला — हो, मीच. देवाजीभाऊ दारात येऊन उभा राहिला. बाईनं मशीन घातलं आणि त्याला विचारलं, "दारात तूच होता ना?"

"मीच होतो बाई."

"मग कोनी फोटो काढला तं तुले आवाज नाई आला?"

तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "नाई बाई. खरं सांगतो, मी कायचाच आवाज नाई आइकला."

बाईनं बोचक्याची गाठ ओढली. तो निघून गेल्यावर मला म्हणाली, "माह्ये कान गेले, त्याचे तं नाई गेले? दुसऱ्या कोनी काढला असता तं त्यानं आइकला नसता का? खोटं बोलून राह्यला तो. त्यानंच काढला."

आता तुम्ही सांगा — एका वाक्याचं काम होतं की नाही? "बाई, फोनचा आवाज बंद करता येते." बस. मी केला असंही म्हणायची गरज नव्हती. तेवढ्यानं तो माणूस सुटला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मला आठवतं. आणि मी काय म्हटलं? "दुसऱ्या कोनाले मालूमच कुठी होतं बाई?"

तिचा चेहरा तेव्हा पडला. फोटोनं नव्हता पडला तेवढा.

बाई त्याचा निरोप न घेताच निघाली. देवाजीभाऊनं दुसऱ्याच दिवशी नाटकांच्या वह्यांचा गठ्ठा मालकापुढे ठेवला आणि वैनगंगेकाठच्या आपल्या गावी निघून गेला. बाई आरमोरीला ब्लाउज शिवायला लागली. मी दर दिवाळीला तिच्याकडे साडी घेऊन जाते. ती शेजारणींना सांगते, सगळ्यांनी पाठ फिरवली, ही एकटी पोर राह्यली. मी मान खाली घालून ऐकते. लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या वर्षी देवाजीभाऊच्या सुनेचा फोन आला. बाईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून माझ्या नंबरवर. म्हातारा खाटेला लागला होता. सून म्हणाली, "बाईले एक डाव पाठवा. सारखे दाराकडे पाहून राह्यले. म्हनते, मले फकस्त एक गोष्ट सांगाची हाये."

मी आरमोरीला गेले आणि निरोप दिला. तेवढा दिला. बाईनं हातातलं शिवण खाली ठेवलं, केसांवर हात फिरवला आणि चपला पायात घातल्या. बस कधीची आहे ते विचारलं. मग उंबऱ्यात थबकली.

"तुले काय वाट्टे पोरी? जाऊ का?"

ते दोघं समोरासमोर बसतील. तो पुन्हा म्हणेल, मी आवाज नाही ऐकला. मरणारा माणूस खोटं बोलत नाही, हे बाईला कळेल. मग ती विचार करायला लागेल — मग कुणी? हे सगळं माझ्या डोक्यात डोळ्याचं पातं लवेपर्यंत येऊन गेलं. मी तिच्या कानाजवळ तोंड नेलं, नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले, "ज्यानं केसानं गळा कापला बाई, त्याच्या दारात काऊन जाता?"

मग तिनं चपला काढल्या. एकीवर एक, कोपऱ्यात.

आठवड्याच्या आतच तो गेला. तोही फोन मलाच आला आणि मीच तिला जाऊन सांगितलं. ती रडली नाही. सुईत दोरा ओवत होती, तो ओवून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं, मी नाई गेली. नाई का पोरी?"

मी म्हटलं, "हौ बाई. बरंच झालं."