फायनल सात वेळा असते

आमच्या सईने आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेला नाही, तरी आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात तिच्या नावाची बास्केटबॉलची ट्रॉफी आहे. येणारेजाणारे कौतुकाने चौकशी करतात. मनीषा, म्हणजे आमची ही, तेवढ्यात चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून जाते आणि सई नुसती माझ्याकडे बघते. खुलासा मलाच करावा लागतो, कारण कर्तृत्व माझं आहे.

सई पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तेही ‘ओके’, ‘फाइन’ आणि ‘बाबा, प्लीज’ या तीन शब्दांत भागवते. पण अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा विषय काढा, तोंडाला कुलूप म्हणून लागत नाही! तिची एक लाडकी टीम आहे आणि ती टीम यंदा चक्क फायनलला पोचली. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे आखातात, आमच्या खलिफा सिटीत, पहाट असते. सई साडेचारचा गजर लावून उठायची आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची. मला त्या सोफ्यावर तिच्या शेजारी बसायचं होतं, बाकी काही नको होतं. दोन-तीन वर्षांत ती कॉलेजला निघून जाईल, मग सोफा काय, मला एकट्यालाच आहे.

“यू कॅन सिट,” सईने परवानगी दिली. “बट नो टॉकिंग.”

मी जवळच्याच मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत एका एसी डक्टच्या कंपनीत परचेस मॅनेजर आहे. माहिती काढल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा विकत घेत नाही. आठवडाभर अभ्यास केला. रिबाउंड म्हणजे काय, सेंटर कोण, पॉइंट गार्ड कोण, सगळं तोंडपाठ. पहाटे सोफ्यावर बसलो आणि अडीच तास गप्प राहिलो. (स्वतःच्या लग्नात मी इतका वेळ गप्प नव्हतो. भटजींना दोन सूचना केल्या होत्या.) शेवटच्या सेकंदाला सईच्या टीमने बॉल बास्केटात टाकला, मॅच जिंकली, आणि सईने किंचाळत मला मिठी मारली. पाचवीत गेल्यापासून पहिल्यांदा! मला भरूनच आलं. ती नाचत नाचत शाळेची तयारी करायला गेली आणि मी कामाला लागलो.

आता मला सांगा, फायनल म्हणजे काय? आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसं. फायनल एक असते. जिंकलं की फटाके, हरलं की टीव्ही बंद. यात विचारण्यासारखं काही असेल, असं मला वाटलंच नाही. ऑफिसला जाता जाता मिठाईच्या दुकानातून तीन किलो पेढे घेतले आणि टेबलाटेबलावर वाटत सुटलो. आमच्या अकाउंट्समध्ये जोजो नावाचा फिलिपिनो आहे, बास्केटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याच्यासमोर मुद्दाम पूर्ण बॉक्स धरला.

“सर, बर्थडे?”

“नो नो! फायनल! अवर टीम वन!”

जोजोने पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “काँग्रॅच्युलेशन्स, सर. व्हेरी अर्ली, सर.”

“येस, येस! फोर थर्टी मॉर्निंग!” मी म्हणालो.

त्याने आणखी दोन पेढे उचलले आणि हसत हसत जागेवर गेला. (तो समोरच्या टीमचा भक्त आहे, हे मला चार दिवसांनी कळलं.)

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी साठे कसला? आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आमच्या सईच्या टीमने आज बास्केटबॉलची फायनल जिंकली!’ पाच मिनिटांत मंडळाच्या सेक्रेटरी सुलभाताईंचा फोन. सुलभाताई मंडळाचं सगळं स्वतः करतात आणि दुसऱ्याला काही करू देत नाहीत.

“साठे, अहो एवढी मोठी गोष्ट आणि आम्हाला आत्ता कळतेय?”

“मॅच पहाटेच संपली ना, ताई.”

“पहाटे? हो बाई, या उन्हात दिवसा कोण खेळणार! आणि सई नक्की कुठे असते हो? म्हणजे पोझिशन?”

“डाव्या कोपऱ्यात. तिथून ती हलतच नाही.”

“वा! आणि टेन्शन नाही येत पोरीला?”

“येतं तर! नखं खाते. पण शेवटपर्यंत उठत नाही.”

“जिगर लागते हो याला! हे बघा, पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आपला गुणगौरव आहे. दहावी-बारावीच्या मुलांबरोबर सईचाही सत्कार करू. चार शब्द बोलेल ना?”

मला वाटलं, मंडळाने अखेर प्रेक्षकांचाही सत्कार करायचं ठरवलं. करायलाच हवा! पहाटे उठून बघायचं म्हणजे खायचं काम आहे का? मी जागच्या जागी होकार देऊन टाकला.

दुपारी सई शाळेतून आली. डायनिंग टेबलावर उरलेले पेढे होते.

“व्हॉट इज धिस?”

“पेढे. आपण फायनल जिंकलो ना! ऑफिसात वाटले, ग्रुपवरही टाकलं.”

“बाबा, वी वन गेम वन.”

“तेच म्हणतोय. वन. पहिला नंबर.”

“नो! गेम वन! आउट ऑफ सेव्हन!”

मी मनीषाकडे बघितलं. मनीषाने पेढ्यांकडे बघितलं.

“फायनल सात वेळा असते?” मी विचारलं. “मग पहिल्या सहा वेळा काय रंगीत तालीम?”

“चार जिंकावे लागतात, बाबा! फोर!” सई चक्क मराठीत ओरडली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “यू जिंक्स्ड इट!”

मी तिला समजावलं की आधी पेढे वाटले म्हणून नाट लागत नाही, पेढ्यांचा आणि बास्केटबॉलचा काडीचाही संबंध नाही, आपण सुशिक्षित माणसं आहोत. त्यानंतर तिची टीम दुसरी मॅच हरली. तिसरी हरली. चौथी तर अशी हरली की समालोचकच मध्ये गप्प झाले. माझी सोफ्यावरून हकालपट्टी झालीच होती. मी पॅसेजमध्ये उभा राहून भिंतीआडून बघत होतो, तर सई तिकडूनही म्हणाली, “आय कॅन सी युअर शॅडो.” ऑफिसात जोजो रोज सकाळी माझ्या केबिनच्या दारात यायचा आणि अत्यंत अदबीने विचारायचा, “सर, नो स्वीट्स टुडे?” पाचव्या मॅचला खेळ खलास. जोजोची टीम चॅम्पियन. सई माझ्याशी एक शब्दही बोलेना, ‘फाइन’सुद्धा नाही. मला फार लागलं ते. एका मिठीसाठी आठवडाभर अभ्यास केला होता आणि हातात काय आलं?

हातात आली मंडळाची पत्रिका! ‘कु. सई साठे, बास्केटबॉल स्पर्धेच्या विजेत्या संघाची आधारस्तंभ, हिचा विशेष सत्कार.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘सईची टीम’ याचे दोन अर्थ होतात आणि मंडळाने दुसरा घेतला होता! मी ताबडतोब सुलभाताईंना फोन लावला.

“ताई, एक घोटाळा झालाय. ती टीम हरली.”

“अहो, खेळात हारजीत चालायचीच. एवढं मनावर घेऊ नये.”

“पण ताई, सई खेळतच नाही!”

“का? पायबिय मुरगळला की काय? अरे देवा! मग तर तिला आणाच, पोरीला धीर येईल. आणि साठे, ट्रॉफीवर नाव कोरून झालंय.”

फोन बंद. शेवटी ती पत्रिका मी सईपुढे ठेवली. तिने अक्षर अक्षर लावत वाचली.

“आधार... स्तंभ. लाइक आधार कार्ड?”

“खांब गं,” मनीषा म्हणाली.

“आय ॲम अ पोल?”

मी सगळं कबूल केलं. सईने पत्रिकेची नीट घडी घातली. मग म्हणाली, “ओके. आय विल कम. बट यू विल टेल देम. ऑन द माइक. एव्हरीथिंग.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“देन नेक्स्ट सीझन आय विल वॉच इन माय रूम. डोअर क्लोज्ड.”

मी ताबडतोब ‘सांगतो’ म्हणालो. तिच्या खोलीचं दार बंद झालं की काय उरतं, हे मी गेले दहा दिवस बघत होतो.

शनिवारी हॉल भरलेला. स्टेजवर मधोमध खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष दामले अण्णा, वय बहात्तर, अध्यक्षपदाचं सोळावं वर्ष. सईचं नाव पुकारलं गेलं तसा मीच पुढे झालो आणि माइक घेतला. खरं बोलायचं तर आत्मविश्वासाने बोलावं, हे माझं तत्त्व आहे. सई कशी खेळत नाही, मी कसा गाढव ठरलो, फायनल सात वेळा कशी असते, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. दुर्दैवाने त्याच क्षणी मागच्या दाराने बटाटेवडे आले. हॉलमधली प्रत्येक मान मागे वळलेली होती, ती माझं भाषण संपल्यावरच पुढे आली. टाळ्या मात्र कडाडून झाल्या.

“किती विनयशील वडील!” सुलभाताईंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. “आता सई आपल्या टीमबद्दल दोन शब्द सांगेल. मराठीत हं, बाळ!” आणि दुसरा माइक सईला दिला. पहिला स्वतःकडेच ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळात ‘आपली टीम’ म्हणजे मंडळाची कार्यकारिणी. सुलभाताईंनीच ते नाव पाडलंय, उत्साह वाटावा म्हणून. बिचाऱ्या सईला हे माहीत नव्हतं. तिला मराठीत बोला म्हणाले, ती मराठीत बोलली.

“मी खेळत नाही. मी फक्त बघते,” सई म्हणाली. “पण आपली टीम का हरते, ते मला माहितेय.”

वडे तोंडाशी थांबले.

“आपला मधला माणूस खूप चांगला आहे. आय लव्ह हिम. पण तो आता म्हातारा झाला. त्याचे गुडघे गेले. तो पळून परत येतो, तोपर्यंत सगळं संपलेलं असतं.”

तीनशे डोळे मधल्या खुर्चीकडे वळले. दामले अण्णांचा हात गुडघ्यावरच होता.

“आणि एक जण बॉल सोडतच नाही. सगळं मीच करणार! बाकीचे नुसते उभे राहतात.”

सुलभाताईंनी हातातला माइक हळूच पदराआड नेला.

“बेंचवर चांगली मुलं आहेत. दे आर जस्ट सिटिंग! त्यांना चान्स द्या. बाहेरून एक-दोन नवीन माणसं आणा. या सुट्टीतच करा. नाहीतर नेक्स्ट इयर परत सेम.”

मागच्या रांगांतून अशा शिट्ट्या सुरू झाल्या की विचारू नका! तरुण मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर दामले अण्णा गुडघा धरून उठत होते. सावकाश सईपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याच माइकवर बोलले.

“पोरी, सोळा वर्षं वाट बघतोय, मंडळातलं कुणीतरी मला हे सांगेल म्हणून. डॉक्टर सांगतो, सूनबाई सांगते, पण इथे कुणी बोलेना आणि मला सोडवेना. खलास! आजपासून मी मोकळा.” आणि त्यांनी ट्रॉफी तिच्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

सईने माझी बाही ओढली. “बाबा, हू इज धिस अंकल?”

“आपला सेंटर,” मी म्हणालो.

त्या शनिवारनंतर मंडळात दोन तरुण पदाधिकारी आले आणि सुलभाताई आता माइक मागितला की देतात. पहिल्याच बैठकीत एक ठराव एकमताने संमत झाला, ‘श्री. साठे यांनी ग्रुपवर कोणताही मेसेज टाकण्यापूर्वी तो सईला दाखवावा.’ ठरावाला अनुमोदन मनीषाने दिलं.

कार्यक्रमाहून परतताना गाडीत मी सईला सगळा घोटाळा उलगडून सांगितला. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “बाबा, नेक्स्ट सीझन स्टार्ट्स इन ऑक्टोबर.”

“हो का?” मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो.

“यू कॅन सिट. नेक्स्ट टू मी.”

“बोलणार नाही. शब्द!”

“नो, नो. बोल ना! टॉक अ लॉट. पण तू जोजो अंकलच्या टीमला सपोर्ट करायचा. एव्हरी गेम. आणि ते जिंकणार, असं आधीच सगळ्यांना सांगायचं.”

मी गाडीचा वेग कमी केला. “सई, तू मला समोरच्या टीमला विकलंस?”

“ट्रेडेड, बाबा.”

“आणि बदल्यात काय घेतलंस?”

“नथिंग,” सई म्हणाली. “नोबडी गिव्ह्ज एनिथिंग फॉर यू.”

तर ऑक्टोबरपासून मी पुन्हा सोफ्यावर आहे, लेकीच्या शेजारी, अंगात जोजोच्या टीमचा शर्ट घालून. सईच्या टीमने म्हणे या उन्हाळ्यात एक उंच सेंटर घेतला, एक नेमबाज घेतला, आणि जाणकार त्यावर रकानेच्या रकाने लिहितायत. लिहू देत बापडे! खरा सौदा त्यांना कळलेलाच नाही. या टीमचा सगळ्यात घातक माणूस समोरच्यांच्या गळ्यात मारलाय, आणि तोही फुकटात.