सागातली जीप

नालवाडीतल्या आमच्या फोटोवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत. माझा पदवीचा फोटो त्यानं फुकट काढला. कुणी बोलू लागलं की तो "हौ, हौ" म्हणत मधेच तोडतो. पानगळीत हिंगणीच्या जंगलात गंजक्या गाड्यांचे फोटो काढत फिरतो. परवा मीही सोबत होतो. सागाखालच्या जीपजवळ एक म्हातारी आली.

"आमच्या बुढ्याची गाडी होय, बापू. तिच्यासंगं मले बी काढजो."

"हौ, हौ."

त्यानं फोटो काढला आणि तिथंच मोबाइलवर बोट फिरवून फोटोतून तिला पुसून टाकलं. वाळकी पानं लालभडक केली आणि फोटो तिला दाखवला.

"मी कुठी हाव?"

"फोटो बिघडत होता, आजी."

मी संतापानं त्याच्याकडं पाहिलं. म्हातारीनं बॉनेटवर थाप मारली.

"मंग हे बी पुस! आमची होय हे."