टाइलवरची सावली

आधीच सांगते, मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चेष्टा करण्यात सगळ्यांत पुढे मीच. त्यामुळे तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा...

तारापूर एमआयडीसीत, कुंभवलीच्या बाजूला आमची यीस्टची फॅक्टरी. मी लॅबमध्ये. यीस्टच्या थेंबात निळा रंग मिसळायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं — मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी बिनरंगीच राहते. इतकं सरळ काम.

त्या दुपारी वनिताताई फ्लास्क घेऊन आल्या. घिवलीच्या, कंत्राटी ऑपरेटर. टाकी गार ठेवणारं पाणी सोडायला विसरल्या आणि यीस्ट तापलं होतं. बॅच मेली तर त्यांची नोकरी गेलीच समजा.

स्लाइड लावली. सगळं निळं! दुसरी, तिसरी... निळंच. रंगच बिघडला असेल म्हणून कालचं चांगलं यीस्ट तपासलं, तर ते अगदी स्वच्छ. म्हणजे रंग ठीक होता, मेली होती ती बॅचच.

"मॅडम, जिती हाय ती," ताई म्हणाल्या आणि फ्लास्क खिडकीपाशी उन्हात ठेवला. दाटपणा मोजायचं मीटर यायच्या आधी यीस्ट किती दाट झालंय हे ताई फ्लास्कमागच्या पांढऱ्या टाइलवर पडणाऱ्या सावलीवरून ओळखायच्या. "सावली बगा ना!"

बघितली. पंखा बंद, खिडकी बंद, फ्लास्कला कुणाचा हात नाही — आणि सावलीच्या आत काहीतरी हळूहळू गोल फिरत होतं. फ्लास्कमध्ये बघावं तर दही लागल्यासारखं सगळं शांत! अंगावर काटा आला, पण खरं सांगू? भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. मी रिपोर्ट लिहिलाच नाही. साहेबांना म्हटलं, तासाभराने परत बघते.

तासाभराने फ्लास्कच्या तोंडाशी फेस! नव्या स्लाइडवर शोधून शोधून दोन-चार पेशी निळ्या. बॅच वाचली, ताईंची नोकरीही वाचली.

साहेब म्हणाले, "पेशींना उष्णतेचा धक्का बसला असेल, मग सावरल्या." असेल बाबा. पण सावलीचं काय?

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ताईंना विचारलंच, "सावली हलतेय हे तुम्हाला आधी कसं दिसलं हो?"

त्यांचा घास हातातच राहिला. "हलत व्हती? मॅडम, मला काय नाय दिसला! नोकरी जाईल म्हनून मी आपली खोटं बोलले..."

तेव्हापासून रोज दुपारी मी फ्लास्क उन्हात ठेवून बघते. सावली पुन्हा हललेली नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा, मला अजून उत्तर सापडलेलं नाही.