चारशेचा, अठ्ठावीस हजारांचा आणि एक्स्चेंजआक्का

आवाज करणाऱ्या कुठल्याही वस्तूला आमच्या आक्काने आयुष्यात कधी बरं म्हटलं नाही. शेजारच्यांनी हौसेने मोठा टीव्ही आणला आणि तिला मुद्दाम बोलावून दाखवला, तर ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "चित्र ठेवा, आवाज परत द्या." गल्लीत गणपतीपुढे स्पीकरची भिंत उभी राहिली की कानावर पदर घेऊन ती थेट स्पीकरवाल्याकडे जायची आणि विचारायची, "ह्यात गाणं कुठल्या बाजूला हाय रं?" दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, तरी त्या नळीकडे ती अशी बघायची की बिचारे डॉक्टरच ती काढून एकदा पुसून घ्यायचे.

आक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि त्याच खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे बेळगावात खासबागेत राहायला आली. ज्यांनी ट्रंक कॉल केलेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, की तेव्हा दुसऱ्या गावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजकडे नंबर मागावा लागे. तिथे डोक्याला काळा जड हेडफोन अडकवून एक बाई बसलेली असे आणि बोर्डावरच्या भोकात वायर खोचून ती इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून देई. निपाणीत ती बाई म्हणजे आक्का. "चिकोडी आलं, बोला" आणि "चिक्कोडी बंतु, माताड्री" ही मराठी आणि कानडी दोन्ही वाक्यं ती एकाच दमात म्हणायची. तंबाखूच्या व्यापाऱ्यांपासून हायस्कुलाच्या हेडमास्तरांपर्यंत सगळे तिला एक्स्चेंजआक्का म्हणत.

तिच्या मते ऐकणं हे कसबाचं काम होतं आणि जगात ते तिच्याखेरीज कुणालाच येत नव्हतं. "बोलनं कुनीबी ऐकतंय," ती म्हणायची. "दोन शब्दांच्या मधी काय हाय त्ये ऐकाय लागतंय." व्यापारी "माल कालच निघालाय" असं म्हणाला की मागे हमाल गाडीत पोती चढवताना ओरडत असल्याचं तिला ऐकू यायचं. पण हे असं घडलं एवढंच ती सांगे. व्यापारी कोण, माल कुणाचा, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आईने एकदा लाडीगोडी लावून विचारलं, की अमक्यांच्या सुनेने माहेरी फोन करून नक्की काय सांगितलं होतं? तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या सुनेला आता नातवंडं झालेली. तरी आक्का म्हणाली, "लाइन खराब हुती."

अशा बाईच्या घरात मी हेडफोनचा शौकीन निघालो. मला कान आहेत याचा शोध मला बेंगळुरात नोकरी लागून पगार सुरू झाल्यावर लागला. त्याआधी चारशे रुपयांच्या, वायर गुंडाळलेल्या इअरफोनवर माझं उत्तम चाललं होतं. मग मी इंटरनेटवरच्या तज्ज्ञांच्या नादी लागलो. ही मंडळी गाणं ऐकत नाहीत, गाण्याच्या आरपार पाहतात. त्यांना बासमध्ये मखमल लागते, ट्रेबलमध्ये काच दिसते, आणि वादक कुठे बसलाय ते त्यांना फुटपट्टीने सांगता येतं. तीन महिने त्यांची प्रवचनं ऐकून मी अठ्ठावीस हजारांचा हेडफोन घेतला आणि रूममेटला सांगितलं की आता जुना कानाला लावणं म्हणजे पाप आहे. ते पाप मी रोज ऑफिसच्या कँटीनमधून घरी फोन करताना बिनदिक्कत करत होतो, कारण अठ्ठावीस हजारांची वस्तू सांबाराच्या शेजारी ठेवायला मन होत नव्हतं.

दिवाळीत तो हेडफोन घेऊन घरी आलो आणि आक्काची परीक्षा घ्यायचं ठरवलं. खरं तर मला तिच्याकडून एकदा शरणागती हवी होती. तिला पलंगावर बसवलं आणि एका बाईंचं तबल्याच्या साथीचं गाणं आधी चारशेच्या इअरफोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "बाई विहिरीत पडल्यात आनि काठावर कुनीतरी डबा बडवायलंय." मी खूश झालो. मग अठ्ठावीस हजारांचा चढवला. अंबाड्यावर तो नीट बसेना, म्हणून तिने अंबाडा खाली सरकवला. मग डोळे मिटून घेतले. मी आईला खुणेने सांगितलं की म्हातारी आता पडते.

"खोटं कशाला बोलू," डोळे उघडून आक्का म्हणाली. "ह्यात सगळं ऐकू येतंय. बाई श्वास घेत्यात त्ये ऐकू येतंय, तबलजीच्या बोटातली अंगठी लागत्या त्ये बी ऐकू येतंय. पर सगळ्यास्नी साबन लावून आंघोळ घातल्यागत वाटतंय. केवढ्याला पडलं?"

मी किंमत सांगितली. तिने कानावरच्या मऊ गाद्या दोन बोटांनी दाबून पाहिल्या. "म्हंजे कान न्हाय घेतलंस. कानाला उश्या घेतलास."

मग तिने स्वतःची परीक्षा लावली. आईला फोन देऊन गच्चीवर पिटाळलं आणि खाली चारशेचा इअरफोन कानात घालून बसली. दोन मिनिटांत तिने जाहीर केलं, "सुमन वाळलेली कापडं काढायलीय आनि तोंडात चिमटा धरलाय." आई सुमन. गच्चीवर जाऊन पाहिलं तर खरंच तिच्या तोंडात चिमटा. पुढच्या फेरीला मी अठ्ठावीस हजारांचा हेडफोन आईच्या डोक्यावर चढवून तिला वर पाठवलं. या खेपेला आक्काच्या कपाळाला आठी पडली. "सुमन बोलत्या तवर ठीक हाय. ती गप झाली की लाइनच मरतीय. वारा न्हाय, कावळा न्हाय, काय न्हाय."

मला तर हेच हवं होतं. मी ऐटीत समजावलं, की या हेडफोनचा माइक बोलणाऱ्याच्या मागचा सगळा आवाज गाळून टाकतो आणि पलीकडे फक्त बोलणं जातं.

"मग मानूस कुठनं बोलतंय त्ये कसं कळायचं?"

"कळायला कशाला पाहिजे?"

"त्ये बी खरंच," ती म्हणाली आणि हेडफोन खोक्यात ठेवून हात पदराला पुसले.

पुढच्या माघात माझं लग्न जुळलं. मुलगी चिकोडीची, तिथल्याच शाळेत शिक्षिका, नाव स्मिता. बेंगळुरातली नोकरी हीच माझी पत्रिका होती, बाकी काही कुणी फारसं पाहिलं नाही. साखरपुड्याची तारीख ठरली आणि महिना उरलेला असताना माझी नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी चाळीस जणांना एका खोलीत बोलावून कॉफी पाजली आणि घरी पाठवलं. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटण्यासारखं मी त्यानंतर केलं.

मी कुणाला सांगितलंच नाही. रोज दुपारी एकच्या ठोक्याला घरी फोन करत राहिलो, त्यानंतर स्मिताला. फक्त आता कँटीन नव्हतं. पीजीच्या खोलीत खाटेवर बसून बोलायचं, खाली स्वयंपाकघर, शेजारी दोघा पोरांचा मोबाइलवर गेम. तेव्हा मी अठ्ठावीस हजारांचा हेडफोन बाहेर काढला. सगळे पैसे त्या दिवशी वसूल झाले म्हणायचे. इतक्या स्वच्छपणे खोटं बोलायला दुसरं यंत्र मिळणार नाही. मी "मीटिंग रूममध्ये आहे" म्हणायचो आणि पलीकडे मीटिंग रूमच ऐकू जायची. बॉस काय म्हणाला, कुणाला बढती मिळाली, हे सगळं मी खाटेवर मांडी घालून रचत होतो आणि स्मिता ऐकून हसत होती.

रविवारचा साखरपुडा पाच दिवसांवर आला तेव्हा एका दुपारी आईच्या हातून फोन आक्काने घेतला.

"त्ये डोक्यावरचं काढ."

"काय आक्का?"

"डबडं काढ आनि साध्या फोनवर बोल."

काढलं. खाली कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. स्वयंपाकी कुणावर तरी कन्नडमधून खेकसला. आक्काने सगळं शांतपणे होऊ दिलं.

"हापिसात कुकर कवापासनं लावाय लागलं?"

"कँटीनमध्ये आहे."

"तुझं क्यान्टीन मला पाठ हाय रं. थाळ्या आपटत्यात, खुर्च्या वढत्यात, आनि मागं एक बाई खो खो हसत्या. तीन आठवडं ती बाई हसली न्हाय. काय झालंय?"

मी सांगून टाकलं.

"त्या पोरीला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग काय तिच्या कानाला उश्या लावून नांदवनार हैस व्हय?"

मी गयावया करू लागलो, की आप्पांना कळू देऊ नको. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी अर्ध्या बेळगावला आमंत्रणं केली होती. तेव्हा आक्काचा आवाज चढला. "मी आजपतूर कुनाचं कुनाला सांगितलं न्हाय, तुझं सांगून कशाला बाटू? तू सांगायचास. रविवारच्या आदी, आदी तिला, मग बापाला. आनि साध्या फोनवर. तुझ्या मागं काय वाजतंय त्ये तिला बी ऐकू दे." मागून आईने विचारलं, "काय म्हणतोय?" आक्का म्हणाली, "काय न्हाय. लाइन खराब हाय."

संध्याकाळी स्मिताला फोन केला. खालच्या रस्त्यावर रिक्षा कोकलत होत्या, शेजारची पोरं गेममध्ये कुणाला तरी मारत होती, त्यातच बोललो. स्मिता म्हणाली, "नोकरी जाते हो, त्याचं मला काही नाही. पण तीन आठवडे मी रोज हसत होते, त्याचं मी काय करू?"

तिने घरी सांगितलं, मी आप्पांना सांगितलं आणि साखरपुडा मोडला. चिकोडीला जाऊन माफी मागावी असं आई म्हणाली, पण आप्पा म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?" मला तर तोंडच नव्हतं. मी बेंगळुरात पीजीच्या खाटेवर पडून राहिलो आणि फोन बंद करून ठेवला.

पंधरा दिवसांनी घरी आलो. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, आई कारण नसताना जेवायला वाढत होती. आक्काने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्ये डबडं इकलंस का?"

"नाही."

"इकून टाक. घ्यायला कुनीतरी खोटारडं मिळंलच."

विकलं. पुढे मला बेळगावातच एका फाउंड्रीत संगणकाचं काम मिळालं आणि मी घरीच राहिलो. चार वर्षं रोज रात्री जेवायला आक्का माझ्या समोर बसायची. त्या चार वर्षांत तिने मला सुखाचा घास खाऊ दिला नाही. मी फोनवर कुणाला "निघालोच" म्हणालो की ती ताटावरून मान न उचलता म्हणायची, "आधी आंघोळ कर." माझ्यासाठी दुसरं स्थळ आलं तेव्हा तिने त्या मंडळींना पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, "पोरगं बरं हाय, पर बोलताना मागं काय वाजतंय बघत जावा." तीच मुलगी आज माझी बायको आहे. मला तेव्हा आक्काचा मनस्वी राग यायचा. एकदा चूक झाली ती झाली, किती वेळा उगाळायची, असं मी आईला तावातावाने म्हणालोही होतो.

गेल्या वर्षी आक्का गेली. आजारी फक्त आठ दिवस होती. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांत एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले आणि मी उठून उभा राहिलो. चिकोडीचे होते ते, स्मिताचे वडील. मुलगी सुखात आहे, तिला एक मुलगा झालाय, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुमच्या आक्का आलत्या आमच्याकडं," ते म्हणाले. "त्याच रविवारी. एकट्याच बसनं. मी आचाऱ्याला परत लावून देत हुतो, निरोप न पोचल्यालं पावनं दारात जमल्यालं. त्या म्हनल्या, पोरगं आमचं चुकलंय, काय बोलायचं त्ये मला बोला. मी लई बोललो. चार मानसांत बोललो. तुमच्या घराण्याचं काढलं, त्यांनी लगीन केलं न्हाय त्ये बी काढलं. आत या म्हनलं न्हाय, पानी इचारलं न्हाय. अर्धा तास उन्हात उभ्या हुत्या. एक शब्द उलटा बोलल्या न्हाईत. माझं संपलं तवा हात जोडलं आनि गेल्या." मग त्यांनी विचारलं, "तुमास्नी सांगितलं असंलच त्यांनी."

"नाही," मी म्हणालो.

आईलाही ठाऊक नव्हतं. त्या रविवारी आक्का निपाणीच्या मैत्रिणीकडे गेली असं घरात सगळे धरून चालले होते. तिने चार वर्षं मला रोज टोचलं, पण त्या दारात माझ्यापायी जे ऐकलं त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. त्यातला एखादा शब्द जरी तिने मला ऐकवला असता तर माझी मान वर झाली नसती, आणि हे तिला माहीत होतं. आईने चहा आणला. मी पाहुण्यांच्या हातात कप दिला, आक्काच्या खोलीत गेलो आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडलो.