अस्तर बाहेर

कोणताही कोट कोणी अंगात चढवण्याआधी ती दोन्ही बाह्यांत हात घालून आत चाचपून बघायची. स्वतःचा असो, भाचीचा असो, नाहीतर खुंटीवर नुसताच टांगलेला असो. कोपरापर्यंत हात आत, बोटं पसरलेली, आणि शिवणीवरून सावकाश फिरवत पुन्हा बाहेर. कारखान्यात एकदा अस्तरात राहिलेली सुई गिऱ्हाइकाच्या दंडात घुसली होती आणि मुकादमाने सगळ्या पोरींना रांगेत उभं करून झापलं होतं. सुई तिची नव्हती, पण सवय लागली ती लागलीच. पुढे कारखाना बंद पडला, मुकादम वर गेला, तरी रोज सकाळी दाराशी उभी राहून ती बाह्या तपासायची.

"मावशी, साप निघाला का गं?" भाची विचारायची.

"निघाला असता तर आधी तुलाच चावला असता. हो पुढे."

सगळे तिला अस्तरवाली म्हणत. कारखान्यात कोटाचं वरचं कापड शिवणाऱ्या बायका वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांपाशी बसत. अस्तराच्या पोरी तळघरात. तिथे भिंतीला ओल होती आणि दिवसाही दिवे लावावे लागत. तिच्या हातात कोट यायचा तो उलटाच. ती अस्तर जोडायची, धागा दाताने तोडायची आणि कोट तसाच वर पाठवायची. तो सुलटा करून इस्त्री करायचं काम वरच्यांचं. त्यामुळे कोटाची आतली बाजू हीच तिच्या नजरेला खरी बाजू झाली होती. बाहेरची बाजू रस्त्यावर, लोकांच्या अंगावर दिसायची, आणि ती तिला जरा परकीच वाटायची.

म्हणूनच त्या संध्याकाळी तसं झालं.

सायकलच्या दुकानावर एक लांबडी खोली होती. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिथे कोणीतरी गाण्यांच्या तबकड्या लावायचं आणि आसपासची तरुण मुलं नाचायला जमायची. कारखान्याची पोरं भिंतीला टेकून उभी राहत. नाच करायची ती कचेरीतल्या बाबूंची मुलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच गेली होती. काम सुटल्यावर घाईत आरसा न पाहता कोट घातला आणि धावतपळत जिना चढली. आत पाऊल टाकलं मात्र, एक बाबूचा मुलगा ओरडला, "अरे, ही बघा! हिच्या घरी आरसा आहे की तोही उलटाच टांगलाय?"

तिने खाली पाहिलं. लाल अस्तर, पांढऱ्या धाग्याची शिवण, काखेतली ठिगळं, सगळं जगजाहीर. खोलीभर हशा पिकला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बोटं गुंडीकडे गेली, पण गुंड्याही आतल्या बाजूला होत्या.

तेव्हा भिंतीजवळचा एक उंच मुलगा पुढे आला. कापड बेतणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली तो काम करायचा. दारातून वाकून यायचा म्हणून त्याला उंच्या म्हणत. त्याने आपला कोट काढला, उलटा केला आणि घातला. त्याच्या कोटाचं अस्तर तर फाटून लोंबत होतं.

"आमच्याकडे असाच घालतात," तो बाबूच्या मुलाला म्हणाला. "तुला ठाऊक नव्हतं? हळूहळू कळेल."

मग दुसऱ्याने घातला, तिसऱ्याने घातला. पोरं खो खो हसत होती, पण आता हसणं तिच्या बाजूचं होतं. उंच्या तिच्याशेजारी उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता उभा राहिला. आयुष्यात आपल्यासाठी कोणी काही केलं, असं तिला तेवढ्या एका संध्याकाळी वाटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. थंडी सरेपर्यंत कारखान्याची सगळी पोरं उलटे कोट घालून फिरू लागली. तुकड्यांच्या ढिगातून पिवळं, हिरवं, जांभळं कापड पळवायचं आणि अस्तरवालीकडे द्यायचं. तिने जेवणाच्या सुटीत ते शिवायचं. लोक त्यांना 'उलटे' म्हणू लागले. आईबाप कपाळाला हात लावून बसले. बाबूंच्या मुलांशी मारामाऱ्या झाल्या, कोणाचा दात पडला, कोणाला मुकादमाने घरी बसवलं. मग हळूहळू पोरं मोठी झाली, लग्नं झाली, कोट सुलटे झाले. उंच्या बस चालवू लागला, त्याने गावाच्या पलीकडच्या टोकाला बिऱ्हाड केलं. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सुचवलं नाही. थोरल्या बहिणीच्या घराला लागून असलेल्या खोलीत ती एकटी राहिली, आणि शिवणयंत्राचा आवाज नसेल तेव्हा त्या खोलीत स्वतःच्या श्वासाचाही आवाज यायचा.

त्यानंतर किती वर्षांनी तरी सिनेमावाला आला. पोरगेलासा होता, दाढी वाढवलेली. त्याला उलट्यांवर सिनेमा काढायचा होता, कारखान्याची मुलं मोठी कशी होतात त्यावर. त्याने तिला नटांसाठी कोट शिवायला सांगितले. तिने ते इतक्या निगुतीने शिवले की तो म्हणाला, "मावशी, जरा खराब शिवा हो. ही पोरं गरीब आहेत."

"गरीब होती, गबाळी नव्हती," ती म्हणाली.

मग त्याने विचारलं, "हे सुरू कसं झालं? पहिला कोट उलटा कोणी घातला?"

ओठांवर आलं होतं. पण तिला वाटलं, हे आपण सांगायचं नाही, ज्याने केलं त्याने सांगायचं. त्याच्या तोंडून ते कसं निघतं, एवढंच तिला ऐकायचं होतं. म्हणजे ताकाला गेली आणि भांडं लपवून बसली.

"उंच्याला विचारा," ती म्हणाली. "त्याला ठाऊक आहे. त्याच्याइतकं कोणालाच नाही."

सिनेमा लागला तेव्हा जुन्या उलट्यांना पुढच्या रांगांत बसवलं. उरले होते मोजकेच. उंच्या बायकोला आणि नातवंडांना घेऊन आला होता. ती भाचीबरोबर दोन रांगा मागे बसली. अंधार झाला आणि ती त्या एका प्रसंगाची वाट पाहू लागली.

पडद्यावर कारखाना होता. एक देखणा उंच मुलगा मुकादमापुढे उभा होता. मुकादमाने त्याच्या थोबाडीत मारली. मुलाने त्याच्या डोळ्यांत पाहत कोट काढला, उलटा केला, घातला आणि दारातून निघून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती वाट पाहत राहिली. सायकलच्या दुकानावरची खोली आली, नाच आला, एक सुंदर मुलगीही आली. पण तिचा कोट सुलटा होता.

दिवे लागल्यावर सिनेमावाल्याने उंच्याला वर बोलावलं. "खरंच असंच घडलं होतं ना, काका?"

"अगदी हुबेहूब," उंच्या म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात त्यानेच तिला हाक मारली. "अगं ए अस्तरवाली! पाहिलंस? पोरगा माझ्यासारखाच चालतो की नाही?"

"तू एवढा ऐटीत कधी चालायचास? पाय ओढत चालायचास."

"अगं, थोरल्या भावाचे बूट होते ते, सैल व्हायचे!" तो हसला. त्याची बायकोही हसली. त्याला बूट आठवत होते. तिला एकदम आशा वाटली.

"आणि कोट? पहिल्यांदा कोणी उलटा घातला, आठवतं?"

"हे काय विचारणं? मुकादमाच्या नाकावर टिच्चून घातला. विसरेन होय मी?"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याच्या मनात कुठेतरी खरं शाबूत असतं. उंच्याचे डोळे स्वच्छ होते.

"तू कुठे होतीस गं त्या दिवशी?" त्याने आपुलकीने विचारलं.

"असेन तिथेच," ती म्हणाली. "मागे कुठेतरी."

घरी जाताना तिने भाचीला सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. भाची रस्त्यातच थांबली. "मग त्यांना सांगितलं का नाहीस? आत्ता सांग. मी सांगते!"

"काय उपयोग? तू सांगितलंस की तो हो म्हणेल. चांगला माणूस आहे. पण ते त्याला आठवलेलं नसेल, ऐकलेलं असेल. ऐकलेलं तर त्याच्याकडे आत्ताही आहे की, सिनेमातलं."

पुढे काही दिवस रस्त्यावरची मुलं उलटे कोट घालून फिरली. ती खिडकीतून बघायची. काखेतली शिवण बहुतेकांची कच्ची होती. ती संध्याकाळ आता तिच्या एकटीची झाली होती, आणि एकटीची गोष्ट आपण रचली की घडली, हेही कधीकधी कळेनासं होतं. तसं झालं की ती यंत्रावर जाऊन बसायची.

ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा उंच्या भेटायला आला. दारातून वाकूनच आला. आता पाठच वाकलेली होती. स्टुलावर बसला, तिच्या उशाशी संत्री ठेवली, आणि काय बोलावं सुचेना म्हणून भाचीला सांगू लागला, "तुझ्या मावशीने आमचे कोट शिवले, बरं का. मुकादमाने मला थोबाडीत मारली ना, तेव्हा मी..."

भाचीने तोंड उघडलं. अस्तरवालीने अंथरुणातूनच तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान जराशी हलवली. उंच्याने गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती, अधूनमधून हुंकार देत होती. त्याची सांगण्याची ढब छान होती. हात पूर्वीसारखेच लांब होते आणि बोलताना ते कुठे ठेवावेत हे त्याला अजूनही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली ती परत आली नाही. त्यामुळे तिचं शेवटचं धड बोलणं म्हणजे उंच्याची गोष्ट संपल्यावर ती भाचीला जे म्हणाली, तेच:

"चहा टाक गं त्याला. साखर जरा जास्त घाल, तो मागायचा नाही."