वंदीचा डबा अन् माहा कूलर

दुपारच्याले माह्या बैठकीत तीन बुढ्या कूलरपुढे जागा धरून बसतात. आता तीन बुढ्या रोज एका जागी बसल्या तर किस्से काय, आपोआपच जमा होतात. कूलरच्या जाळीवर धूळ बसते तसे. आज झटका, उद्या पुन्हा तेवढेच! अन् वंदीनं कूलरसाठी तो डबा धाडल्यापासून तर विचारूच नका.

वंदी म्हंजे माही पोरगी. एकुलती एक. बंगलोरले राह्यते, कंपुटरचं काम करते. मी इथं उमरखेडले एकटी. बाकीच्या दोघी म्हंजे रझियाबी, माह्या भिंतीले लागून घर तिचं, ब्लाउज-फ्रॉक शिवते. अन् दुसरी कमल मास्तरीण. रिटायर झाली, पन आमाले शिकवनं काही सोडलं नाई तिनं. मी आपली चवथी शिकली. चवथीत गुरुजींच्या टोपीत बेंडूक निंघाला, अन् माही शाळा तिथंच संपली.

तर तो डबा म्हंजे मुठीत मावते एवढा पांढरा प्लग. बोर्डात तो खोचाचा अन् त्याच्यात कूलरची पिन. वायर नाई, काही नाई, घरातल्या नेटवर चालते. कूलर चालू हाये का बंद, किती लाईन म्हंजे वीज खाऊन राह्यला, सारं वंदीले तिकडे मोबाईलवर दिसते. कूलरचं बटन चालूच ठेवाचं, मंग डबा तिकून बंद-चालू बी करता येते.

"आई, तू बिल वाचवाले कूलर बंद करून उकाड्यात बसते. आता मी पाहीन तुले!" वंदी म्हने.

पाहा पोट्टी कशी हाये. मायले पाह्याले याले सुट्टी नाई, पन कूलर पाह्याले टाईम हाये!

*

डबा लावाले रझियाबीचा पोरगा अन्वर आलता. जळाल्या मोटरीत नवीन तार भराचं दुकान हाये त्याचं. मोबाईल खुर्चीवर टेकवून ठेवला, त्याच्यात वंदी.

"अन्वरभाऊ, बटन दाबून धर. आई, निळा लाईट लुकलुकते का?"

"नाई वं."

"पुन्हा दाब. आता?"

"नाई."

अन्वर दाबू दाबू घामाघूम झाला. नेटचं मशीन उचलून कूलरजवळ आनलं. कमलबाई चष्मा लावून पासवर्ड सांगे, जशी काही बाराखडी घोकून घेऊन राह्यली. तरी लाईट नाई! वंदी म्हने, डबाच खराब निंघाला, वापस धाडून दे.

मंग रझियाबी उठली. डब्याजवळ नाक नेऊन पाह्यलं तिनं. "बेबीबाई, ये क्या लगाया तुमने इस पे?"

"काय म्हंजे? नवीन वस्तू घरात आली त हळद-कुंकू नाई लावाचं?"

लाईटच्या बरोब्बर वरतं माह्या कुंकवाचा टिळा! अन्वरनं कुडत्याच्या कोन्यानं पुसला तर खालून लाईट लुकलुक, लुकलुक. सकाळपासून बिचारा लुकलुकूनच राह्यलता.

"अरे अल्ला, इस की तो आँख ही बंद कर दी थी तुमने!" रझियाबी म्हने.

वंदी तिकडे एवढी हसली, एवढी हसली, का मोबाईलमधून दिसेनाशीच झाली. खुर्चीखाली गेली का काय मालूम! तिचं लग्न झाल्यापासून तिले मी तशी हसताना पाह्यली नोती. म्हनलं, कुंकू काही वाया नाई गेलं.

*

डबा चालू झाला त मोबाईल नाव मांगे. या वस्तूले काय म्हनू?

कमलबाई म्हने, "शीतल लिहा." रझियाबी म्हने, "सीधा कूलर लिखो ना." मी म्हनलं, "जावई लिव्ह."

"आई!" वंदी ओरडली.

"काहून? उन्हाळ्यापुरता येते, बैठकीत मधातच बसते, घुर्रघुर्र करते अन् सारखं पानी मांगते. अजून काय कराले पायजे त्यानं?"

वंदीनं हसत हसत खरंच तेच नाव लिवलं. मंग तो डबा आपल्या नवऱ्याच्या मोबाईललेही जोडला. एक दिवस जावई हापिसात मोठ्या साहेबापुढे बसला होता, मोबाईल टेबलावर. त्याच्यावर बातमी आली : "जावई बंद आहे."

साहेबानं वाचलं. म्हने, "बरे तर आहात ना?"

आमच्या जावयानं मले फोन केला. म्हने, "आई, नाव बदला ना." मी म्हनलं, "बदलतो बापू, पन ते इथं येऊनच बदलता येते. तुमी दोघं या." नेट त त्याचंच काम हाये, तिकूनच बदलता येते हे त्यालेही मालूम होतं. तरी म्हने, "बरं, येतो."

कोन आलं? कोनीच नाई. नाव अजून तेच हाये.

*

आता खरं सांगतो. एकटीसाठी मी कूलर लावतच नाई. सवयच नाई. दोघी आल्या की डब्याचं बटन दाबून लावतो, गेल्या की बंद. वंदीचा फोन येई, "आई, कूलर काहून बंद केला?" अन् मंग पोट्टी तिकूनच चालू करे. मी इथं पदरानं वारा घेऊन राह्यली, अन् एकदम घर्र! एवढ्या दुरून पोरीनं वारा धाडला. पहिल्या टाईमले त मी दचकून कूलरले "ये, बस" म्हनलं.

पन मले बी काही कमी समजू नका. एक दिवस कूलरची पिन काढली अन् डब्यात एक बलब खोचून देल्ला. म्हनलं, डबा चालू दिसला म्हंजे झालं, वंदीले काय समजते.

लगेच फोन. "आई, कूलर एवढुशी लाईन खाते का? बलब लावला ना तू?"

पकडली! मंग मले राग आला. दुसऱ्या दिवशी इस्त्री खोचली अन् कमलबाईच्या साऱ्या साड्या कडक करून देल्ल्या. वंदी मीटिंगमधून उठून बाहीर आली. "आई, कूलर पेटला का? एवढी लाईन कायले खाऊन राह्यला तो?"

तवा मले समजलं बाई! कूलर बरोबर चालला त वंदीचा फोन येतच नाई. आला त रविवारी, अन् तो बी "बोल लवकर, काम हाये" असा. पन काही उलटंपालटं झालं का लगेच येते.

मंग काय विचारता! माह्याजवळ उलटंपालटं कराले काय कमी हाये?

*

मंग आमचा खेळच सुरू झाला. आमी डब्यात काही बी खोचाचं अन् वंदीनं तिकडे मोबाईलवर पाहून ओळखाचं.

"मिक्सर! चटनी वाटून राह्यल्या."

बरोबर.

"हे... हे त कमलकाकूंचं केस वाळवाचं मशीन."

कमलबाई लाजली. केस किती राह्यले तिचे, वाळवाले मशीन पायजे!

पोट्टी एकदा चुकली नाई. मंग रझियाबी म्हने, "ठहरो, मैं हराती हूँ इस को." घरी गेली, अन् अन्वरकून आपली शिलाई मशीन उचलून आनली. तिले मोटर बसवली हाये अन्वरनं. डब्यात पिन खोचली, अन् फ्रॉकाची बाही शिवाले बसली. आमी तोंडावर पदर धरून चूप.

वंदीले उशीर लागला. म्हने, "थांबा, मधात बंद पडून राह्यलं... पुन्हा चालू... पुन्हा बंद..." मंग हळूच म्हने, "रझिया खाला, तुमची मशीन हाये ना?"

"हाँ बेटा! कैसे पहचाना?"

"उलीसं, दोन टाके, चालते अन् थांबते. पह्यले त एका दमात शिवत होत्या तुमी. खाला, सुई दिसत नाई का आता तुमाले?"

रझियाबीचा पाय थांबला. बाजूले राह्यते अन्वर, बाजूले राह्यते सून, मी रोज तिच्या तोंडाजवळ बसतो. कोनाले नाई समजलं. बंगलोरले बसून पोरीले समजलं.

अन्वर तिले दुसऱ्याच दिवशी डोळे दाखवाले घेऊन गेला. चष्मा आला. चष्मा लावून रझियाबीनं पह्यले माह्याकडे पाह्यलं अन् म्हने, "बेबीबाई, इत्ती बुढी कब हो गई तुम?"

*

वंदी मे महिन्यात येनार होती. मी गादीले ऊन दाखवलं, कैऱ्या आनून ठेवल्या, डब्यावरची धूळ सुद्धा पुसली. मंग फोन आला, "आई, सुट्टी नाई भेटली."

"राहू दे वं. मी कुठं पळून चालली?" मी म्हनलं.

दुपारी दोघी आल्या. माहं तोंड पाहून रझियाबी म्हने, "सुनो, ये प्लगच निकाल डालो. दोन दिवस काहीच दिसलं नाई का दौडते आयेगी लडकी!"

कमलबाई म्हने, "बेबीताई, हे चूक आहे. ती घाबरेल."

"चूक हाये म्हनून त मजा हाये," मी म्हनलं, अन् उठली. डब्यावर हात ठेवला. गरम होता तो, कूलर चालूच होता. काढू का नको, काढू का नको... तेवढ्यात लाईनच गेली! माहा हात डब्यावर अन् सारं घर चूप.

लगेच मोबाईल वाजला. "आई! काय झालं? डबा दिसत नाई!"

"लाईन गेली वं."

"खोटं. तू काढला डबा."

"अवं खरंच गेली!"

"आई, मले मालूम हाये तू कशी हायेस."

पाहा आता. जिंदगीत एकदा खरं बोलली, अन् विश्वास नाई! शेवटी कमलबाईनं मोबाईल घेतला अन् शाळेत बोलतात तसं बोलली, "वंदना, मी साक्ष देते. विद्युतपुरवठा खंडित झालेला आहे."

मंग वंदी हसली. हसता हसता म्हने, "काकू, मी लय भेली." अन् तिकून नाक ओढल्याचा आवाज आला.

कमलबाईनं मोबाईल मले देल्ला. मी म्हनलं, "जाय, तुही मीटिंग असन." त्या दिवसापासून डबा काढाचं नाव मी घेतलं नाई.

*

पावसाळा आला, गेला. दिवाळीले वंदी येनार होती, त हापिसात नवीन काम आलं. थंडी पडली तसा अन्वर दरवर्षीसारखा कूलर सज्जावर चढवाले आला.

"राहू दे तिथंच," मी म्हनलं.

"मावशी, थंडीत कूलर कायले पायजे?"

"माही मर्जी. डबा बी राहू दे, पिन बी राहू दे."

त्यानं मान हलवली. पान्याच्या मोटरची तेवढी वायर काढून घेतली, टाकी सुकी हाये म्हने, मोटर जळून जाईन. मधात एकदा मी इस्त्री खोचून पाह्यली, म्हनलं, पाहू ओळखते का. वंदीचा मेसेज आला, कमलबाईनं वाचून दाखवला, "आई, बिझी आहे, मग बोलते." मंग मी कूलरची पिन वापस खोचली, डबा बंद केला, अन् पुन्हा दुसरं काही नाई खोचलं.

मंग पौषातली गोष्ट. कमलबाई गावाले गेलती. दुपारी मी शाल पांघरून बैठकीत तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती. फोन नाई, मेसेज नाई, काही नाई. अन् एकदम घर्र! कूलर चालू झाला. साऱ्या बैठकीत टरफलं उडाली. चार महिन्याची धूळ माह्या तोंडावर आली. अन् वारा कसला, बर्फ नुसता!

बंद नाई केला मी. टोपलं बाजूले सारलं, खुर्ची ओढली, अन् कूलरच्या बरोबर पुढे जाऊन बसली. शाल उलीशी मांगं सारली.

रझियाबी आली ते दारातच थांबली. "पागल झाली का वं? इतक्या थंडीत कूलर?"

"चूप बस. वंदी हाये."

तिनं कूलरकडे पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. डोक्यावर पदर घेतला, हळूच माह्या बाजूले येऊन बसली. किती तरी वेळ दोघी तशाच बसून. दात वाजून राह्यले, नाकाले पानी, पन कोनी उठे ना.

मंग रझियाबी पुढे वाकली, अन् कूलरच्या जाळीले म्हने, "बस कर बेटा. तेरी माँ को सर्दी हो जायेगी."

अन् कूलर बंद झाला!

मी अशी चिडली रझियाबीवर, अशी चिडली! म्हनलं, "तुले कोनं सांगतलं होतं मधात बोलाले? आत्ता त आलती ते!"