सगळ्या फायली दसऱ्याच्या

"पह्यले तारीख मांगे कर पोरी, मंग उघडस ते."

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या एक बाई फोनवर हळू आवाजात मुलीला सांगत होत्या. मी झेरॉक्सचे कागद घेऊन बाजूने चालले होते. दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. त्या नोकरीत बरीच प्रकरणं पाहिली, बरीच विसरले. ती दुपार मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

मी खाकी कधी घातली नाही. सुरतमधल्या एका ठाण्यात तीन वर्षं कंत्राटी तांत्रिक सहायक होते. आता ती नोकरी सोडली आहे. मोबाइल, कॉम्प्युटर तपासायचे, काय दिसलं ते लिहून सही करायची, एवढं माझं काम. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, ठाण्यात गुजराती. त्यामुळे मी सगळीकडे कमीच बोलायचे. गप्प माणसासमोर लोक बरंच काही बोलून जातात, हा त्याचा फायदा.

प्रकरण साधं दिसत होतं. उधन्यातल्या साडी-डिझाइनच्या एका ऑफिसच्या मालकाने अर्ज दिला होता. या बाई त्याच्याकडे कामाला होत्या. भरतकामाच्या यंत्राला कुठे कोणता टाका घालायचा हे सांगणारी फाइल बनवायची, हे त्यांचं काम. दिवाळीत त्यांनी नोकरी सोडली आणि गोडादऱ्यात घरीच कॉम्प्युटर लावून काम सुरू केलं. मार्चमध्ये बाजारात कापसाच्या बोंडांची वेल असलेली साडी आली. मालकाचं म्हणणं, ही वेल त्यांनी माझ्या पगारावर असताना बनवली आणि बाहेर विकली. बाई म्हणत होत्या, नोकरी सोडल्यानंतर घरी बनवली.

चौकशीसाठी मी आठवड्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन ती फाइल तपासली होती. फाइलवर तारीख दसऱ्याची, म्हणजे नोकरीत असतानाची. मी तसा अहवाल दिला. विचारलं होतं तेवढंच पाहिलं आणि पाहिलं तेवढंच लिहिलं.

त्या दिवशी पीएसआय साहेब त्यांचा जबाब घेत होते. साहेब गुजराती, पण या भागात नोकरी केलेल्याला मराठी येतेच.

"दसऱ्याला तुम्ही नोकरीवर होता?"

"हो साहेब."

"फाइल दसऱ्याची आहे?"

"तारीख तशी दिसते."

"दिसते म्हणजे?"

बाई टेबलावरच्या कागदाकडे पाहू लागल्या.

"कम्प्युटर थोडुं खोटुं बोले, बेन?"

"ए खातुं माणसोनुं, साहेब," खोटं बोलणं हे माणसांचं खातं, असं म्हणून दारातला हवालदार स्वतःच हसला.

मी कोपऱ्यात टाइप करत होते. पगार, घर, गिऱ्हाईक, सगळ्या प्रश्नांना बाई सरळ उत्तरं देत होत्या. फक्त तारखेपाशी आल्या की त्या उत्तर अर्धं सोडायच्या. साहेबांनी शेवटी सांगितलं, उद्या सकाळी मालक येईल, गुन्हा दाखल होईल आणि कॉम्प्युटर जप्त होईल. घर त्या एका कॉम्प्युटरवर चालत होतं. बाई बाकावर येऊन बसल्या आणि मुलीचा फोन आला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ताई, तारीख मागे का घ्यावी लागते?"

त्यांनी पदर सावरला. "काही नाही मॅडम. पोरगी काहीतरी विचारत होती."

मी साहेबांकडे फेरतपासणीची परवानगी मागितली. चिठ्ठी लिहून मागितली, तोंडी नाही. त्यांनी भुवया वर केल्या, पण सोबत एक महिला पोलीस दिली.

बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची आठवीतली मुलगी कॉम्प्युटरसमोर होती. मॉनिटरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं वाळून गेलेली. मी तिला सांगितलं, तू रोज करतेस तसंच कर. तिने आधी घड्याळ उघडलं, दसऱ्याची तारीख टाकली आणि मग डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू केलं. मी सगळा फोल्डर तारखेप्रमाणे लावून पाहिला. उत्तरायणाचे पतंग: दसरा. होळीच्या पिचकाऱ्या: दसरा. मुलीच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण: दसरा. सहा महिन्यांचं काम एकाच दिवशी झालेलं.

"हे सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट चालतं," बाई अखेर बोलल्या. "नोकरी सोडायच्या आधीच दसऱ्याला कॉम्प्युटर घेतला, तेव्हा दुकानदाराने घालून दिलं, आम्ही पूजाबी केली. तीस दिवस झाले आणि बंद पडलं. किंमत ऐकून मी उठलेच. मग तोच म्हणाला, रोज दसऱ्याची तारीख टाकत जा, त्याला वाटतं आजच घातलंय."

"तो तो तमारे रोज फाफडा-जलेबी!" महिला पोलीस म्हणाली. सुरतेत दसऱ्याला घरोघरी तेच खातात. मुलगी हसली, आईकडे पाहून थांबली.

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"एका चोरीच्या अर्जात दुसरी चोरी कबूल करू का मॅडम?"

मग त्यांनी मोबाइल दाखवला. फेब्रुवारीत एका व्यापाऱ्याने कापसाचं काहीतरी वेगळं मागितलं होतं, आणि चार दिवसांनी बाईंनी पेन्सिलने काढलेल्या वेलीचा फोटो पाठवला होता. व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्या मोबाइलवरही तोच दिवस होता.

पुढे गुन्हा दाखल झाला नाही, अर्ज निकाली निघाला. सॉफ्टवेअरबद्दल साहेब एवढंच म्हणाले की ते आजच काढून टाका. चौकशी चालू असताना मी कॉम्प्युटरमध्ये काही बदललं नव्हतं. ती संपल्यावर एका रविवारी जाऊन मोफत आणि कायदेशीर मिळणारं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात दोन-तीन सोयी कमी आहेत, वेलीची वळणं हाताने नीट करावी लागतात. पण त्याला मुदत नाही. आता मी लोकांचे घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि कोणी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारलं की आधी विचारते, फुकटचे दिवस संपल्यावर काय करणार आहात?

तपासाबद्दल शिकले ते असं: कॉम्प्युटरला तारीख कळत नाही, त्याला कोणीतरी सांगितलेली असते. एक फाइल पाहायची तर तिच्या शेजारच्या दहा पाहाव्या. आणि घाबरलेला माणूस काय लपवतोय हे विचारल्याशिवाय तो काय लपवतोय हे ठरवू नये.

पण हे सगळं नंतरचं. फेरतपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालक साहेबांसमोर बसला होता आणि बाई दाराशी उभ्या होत्या. मी नवा अहवाल लिहून आणला होता. वर 'पूरक माहिती' असं शीर्षक दिलं होतं. त्या दोन शब्दांत माझी चूक नीट झाकली गेली होती. कागद टेबलावर ठेवून निघून जायचं, असं मी ठरवलं होतं. ठेवलाही. साहेबांनी त्यावर पेपरवेट ठेवलं, जुना अहवाल उचलला आणि मालकाला म्हणाले, "अमारा बेने चेक कर्युं छे. पाकुं छे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाईंनी मान खाली घातली.

"साहेब," मी म्हणाले, "तो अहवाल माझा आहे आणि तो चुकला आहे. ताई खरं सांगतायत."